रचनेचे सारखेपण : समरूपतेची ओळख

दोन वस्तू संपूर्णपणे वेगळ्या द्रव्यांच्या असूनही त्यांची रचना एकच असू शकते. रचना एकच आहे असे म्हणायला दोन गोष्टी लागतात. पहिल्या वस्तूच्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या वस्तूत एक आणि एकच जोडीदार मिळाला पाहिजे, दोन्हींकडे कोणीही उरता कामा नये; ही झाली एकास एक संगती. शिवाय पहिल्या वस्तूतील घटकांचे आपापसांत जे नाते असेल, तेच नाते दुसऱ्या वस्तूतील त्यांच्या जोडीदारांतही आढळले पाहिजे. या दोन्ही अटी पाळणाऱ्या संगतीला समरूपता म्हणतात. कोणते नाते जपायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. ते ठरवल्याशिवाय ‘या दोन गोष्टी सारख्या आहेत’ या विधानाला शास्त्रात काही अर्थ उरत नाही. ते ठरवले, की एका ठिकाणी कष्टाने मिळवलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे नेता येते. रसायनशास्त्र, भौतिकी, जीवशास्त्र, तर्कशास्त्र आणि गणित यांत गेली दोनशे वर्षे ही ने-आण चालू आहे. तिचे लाभ मोठे आहेत, आणि जे नेता येण्याजोगे नव्हते ते नेल्यामुळे झालेल्या चुकाही अभ्यासण्याजोग्या आहेत.

सर्वांत छोटे उदाहरण पाढ्यांतच सापडते. १, ३, ७ आणि ९ हे चार अंक घ्यावेत, त्यांचे आपापसांत गुणाकार करावेत आणि उत्तरातील फक्त एकक स्थानचा अंक ठेवावा. ३ गुणिले ७ म्हणजे २१, म्हणून १. ७ गुणिले ९ म्हणजे ६३, म्हणून ३. उत्तर या चार अंकांच्या बाहेर कधीच जात नाही. ३ ला पुन्हा पुन्हा ३ नेच गुणत गेले तर ३, ९, ७, १ असे चारही अंक ओळीने येतात आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. आता एक चौरस घ्यावा आणि तो मध्याभोवती ९०, १८०, २७० किंवा ३६० अंशांतून फिरवावा. ३ ची जोडी ९० अंशांशी, ९ ची १८० शी, ७ ची २७० शी आणि १ ची पूर्ण फेरीशी लावली, तर अंकांचा गुणाकार आणि चौरसाची एकामागून एक दिलेली वळणे यांत काहीही फरक उरत नाही. ७ गुणिले ९ चे उत्तर ३ येते. २७० अंश फिरवून पुढे १८० अंश फिरवले की ४५० अंश होतात, म्हणजे एक फेरी आणि ९० अंश. एकीकडे अंक आहेत, दुसरीकडे आकृतीची हालचाल, आणि दोन्हींचा हिशेब एकच.

या उदाहरणाला जोडून दुसरे घ्यायला हवे, नाहीतर पहिल्याचे मोल कळत नाही. १, ३, ५ आणि ७ यांचे गुणाकार करावेत आणि या वेळी उत्तराला ८ ने भागून उरणारी बाकी ठेवावी. येथेही चार घटक आहेत, येथेही उत्तर चौघांच्या बाहेर जात नाही. पण ३ चा वर्ग ९, बाकी १. ५ चा वर्ग २५, बाकी १. ७ चा वर्ग ४९, बाकी १. कोणताही एक अंक घेतला तरी त्याच्या घातांतून चारही अंक मिळत नाहीत. म्हणून चौरसाच्या वळणांशी याची संगती कशीही लावली तरी बसत नाही. ही रचना आहे चौरस नसलेल्या आयताची: आयत आडव्या अक्षाभोवती उलटता येतो, उभ्या अक्षाभोवती उलटता येतो किंवा अर्धी फेरी फिरवता येतो, आणि यांपैकी कोणतीही क्रिया दोनदा केली की आयत मूळ स्थितीत येतो. अशा रचनांना गणितात गट म्हणतात. चार घटकांचे गट नेमके दोनच प्रकारचे असतात, हे सिद्ध करता येते; चार घटकांचा जो कोणता गट जगात कोठेही आढळेल तो या दोहोंपैकी एकाशी समरूप असतोच. आठ घटकांचे गट ५ प्रकारचे, सोळांचे १४, बत्तिसांचे ५१ आणि चौसष्टांचे २६७. संख्या सारखी असल्याने रचना सारखी होत नाही, ही गोष्ट या आकड्यांतून स्पष्ट होते.

वरच्या दोन उदाहरणांत सिद्धतेच्या दोन तऱ्हा दिसल्या, आणि त्या दोन्ही विषयभर उपयोगी पडतात. सारखेपण सिद्ध करायचे तर संगती प्रत्यक्ष दाखवावी लागते. वेगळेपण सिद्ध करायचे तर सगळ्या शक्य संगती तपासत बसण्याची गरज नसते; समरूपतेत बदलू न शकणारा असा एक गुण शोधायचा, जो एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. अशा गुणाला अचल म्हणतात. ‘एकाच घटकाच्या घातांतून सगळे घटक मिळतात’ हा येथे अचल ठरला. विसाव्या शतकातील गणिताचा बराच मोठा भाग अशा अचलांच्या शोधाचा आहे.

शाळा-कॉलेजातून एके काळी प्रत्येकाच्या हाती असलेले लॉग टेबल हे समरूपतेचे बहुधा सर्वांत जास्त वापरले गेलेले उदाहरण असेल. धन संख्या आणि त्यांचा गुणाकार ही एक रचना. सर्व वास्तव संख्या आणि त्यांची बेरीज ही दुसरी. लॉगरिदम ही त्यांच्यातील समरूपता. २ चा लॉग ०.३०१०, ४ चा ०.६०२१, दोन्हींची बेरीज ०.९०३१, आणि तो ८ चा लॉग आहे. जॉन नेपियरने १६१४ मध्ये आपली सारणी प्रसिद्ध केली. हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये १० हा पाया धरून १४ दशांश स्थळांपर्यंतचे लॉग दिले. त्यानंतर साडेतीनशे वर्षे खगोलशास्त्रज्ञ, खलाशी आणि इंजिनिअर यांनी अवघड गुणाकार बेरजेच्या मुलखात नेऊन केले आणि उत्तर परत आणले. स्लाइड रूल म्हणजे हीच समरूपता दोन पट्ट्यांवर कोरलेली होती. पण या जोडीत फक्त गुणाकार जपला जातो. दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग त्यांच्या लॉगांवरून काढण्याची अशी सोपी वाट नाही. ज्याला बेरीज करायची आहे त्याला टेबल काहीच मदत करत नाही. समरूपता किती दूर नेते आणि कोठे थांबते, हे येथे फार स्वच्छ दिसते.

भारतीय परंपरेत हा विचार छंदःशास्त्रात फार लवकर आला. पिंगलाच्या छंदःशास्त्रातील प्रस्तार म्हणजे लघू आणि गुरू यांच्या सर्व शक्य मांडण्यांची क्रमवार यादी. तीन अक्षरांच्या मांडण्या आठ. तेच मराठी अक्षरगणवृत्तांचे आठ गण. यादीतील क्रमांक दिला असता मांडणी काढणे याला नष्ट म्हणतात आणि मांडणी दिली असता क्रमांक काढणे याला उद्दिष्ट. क्रमांक निम्मा करत जाऊन लघू-गुरू लिहिण्याची ही रीत आजच्या द्विमान संख्यालेखनाशी नेमकी जुळते. मात्रावृत्तांच्या मोजणीतून १, २, ३, ५, ८, १३ ही माला मिळते, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने तिचा नियम स्पष्ट मांडला: प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. एक मात्रा आणि दोन मात्रा यांच्या जागी एक फुटाच्या आणि दोन फुटांच्या फरश्या ठेवल्या तरी मोजणी तीच राहते.

विज्ञानात समरूपतेला नाव मिळाले ते मात्र रसायनशास्त्रात. आइलहार्ट मिचर्लिख हा मुळात फारसी भाषेचा अभ्यासक. पूर्वेकडे जाता यावे म्हणून तो वैद्यक शिकू लागला आणि त्या वाटेने रसायनशास्त्राकडे वळला. १८१८ ते १८१९ या काळात बर्लिनमध्ये फॉस्फेट आणि आर्सेनेट या क्षारांवर काम करताना त्याला दिसले, की पोटॅशियमचे फॉस्फेट आणि पोटॅशियमचे आर्सेनेट यांचे स्फटिक सारखे दिसतात. डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्याने स्फटिकांच्या पृष्ठांमधील कोन मोजले. ते जुळले. एकात फॉस्फरस होता, दुसऱ्यात आर्सेनिक. बाकीच्या घटकांचे प्रमाण आणि पाण्याचे प्रमाणही एकच होते.

हा निष्कर्ष त्या काळच्या सर्वांत मान्य सिद्धांताच्या विरुद्ध जाणारा होता. फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रने-झ्यूस्त आउई याने आयुष्यभराच्या कामातून असे मांडले होते, की घनासारखे अतिसममित आकार सोडले तर प्रत्येक पदार्थाचा स्फटिकाकार त्याचा स्वतःचा असतो. मिचर्लिखचे म्हणणे असे, की सारख्याच संख्येने आणि सारख्याच रीतीने जोडलेले अणू सारखाच स्फटिक देतात, मग ते अणू कोणत्याही मूलद्रव्याचे असोत. आउईने हे कधी मान्य केले नाही. स्वीडनच्या यन्स याकोब बर्झेलियसने मात्र त्याचे मोल तत्काळ ओळखले आणि मिचर्लिखला स्टॉकहोमला बोलावून घेतले.

बर्झेलियसला याची इतकी गरज का वाटली, हे समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी संयुगातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण अचूक मोजता येत होते, पण एका रेणूत कोणाचे किती अणू आहेत हे कळण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता, आणि ते न कळता अणुभार ठरत नव्हता. क्रोमियमच्या हिरव्या ऑक्साइडात जेवढा ऑक्सिजन असतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन, क्रोमियमचे वजन तेच धरल्यास, क्रोमिक आम्लात असतो. एवढ्या माहितीतून अनेक सूत्रे निघू शकतात. पण क्रोमेट आणि सल्फेट यांचे स्फटिक समरूप निघाले. सल्फेटात गंधकाच्या एका अणूमागे आम्लाच्या भागात तीन ऑक्सिजन धरले जात. तर मग क्रोमेटातही एका क्रोमियममागे तीनच धरायला हवेत. मग हिरव्या ऑक्साइडात त्याच्या निम्मे, म्हणजे एकाला दीड, अर्थात दोन क्रोमियमला तीन ऑक्सिजन. लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड याच घडणीचे, म्हणून तेथेही दोनाला तीन. या तर्काने बर्झेलियसने १८२६ च्या आपल्या तक्त्यात अनेक धातूंचे अणुभार निम्मे केले, आणि ते आजच्या आकड्यांच्या जवळ आले. कोनमापकाने मोजलेल्या स्फटिकाच्या कोनाने अणूंची संख्या ठरवली, ही घटना रसायनशास्त्राच्या इतिहासात असावी तितकी ओळखीची नाही.

त्याच पद्धतीने पुढे खुद्द बर्झेलियसचीच एक चूक उघड झाली. व्हॅनेडिनाइट या खनिजाचे स्फटिक पायरोमॉर्फाइट या शिशाच्या फॉस्फेटाशी समरूप असतात. पण बर्झेलियसने व्हॅनेडियमच्या संयुगांची जी सूत्रे दिली होती त्यांनुसार ते तसे असायला नको होते. हेन्री रॉस्कोने १८६० च्या दशकात मँचेस्टरमध्ये हा विसंवाद गंभीरपणे घेतला आणि दाखवून दिले, की ज्याला धातू मानले होते त्यात ऑक्सिजन शिल्लक होता. व्हॅनेडियमचा अणुभार त्यामुळे सुमारे १६ ने, म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूइतका, उतरून ५१ च्या आसपास आला.

तुरटी हे स्फटिकांच्या समरूपतेचे सर्वांत सहज पाहता येणारे उदाहरण. घरातील पांढरी तुरटी पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांची. ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम आले की गर्द जांभळी क्रोम तुरटी होते. जांभळा स्फटिक साध्या तुरटीच्या संतृप्त द्रावणात टांगून ठेवला, तर त्याच्यावर रंगहीन तुरटीचा थर त्याच अष्टफलकाच्या आकारात वाढत जातो. स्फटिकाला आतल्या आणि बाहेरच्या द्रव्यातील फरक जणू कळतच नाही. निसर्गात हेच खडकांत घडते. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्या दख्खनी बेसॉल्टचा आहे त्यातील प्रमुख खनिज प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. त्यात सोडियम आणि सिलिकॉन यांच्या जोडीऐवजी कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांची जोडी बसू शकते. सोडियमचा एक आणि सिलिकॉनचे चार मिळून विद्युत्भार पाच. कॅल्शियमचे दोन आणि ॲल्युमिनियमचे तीन मिळूनही पाच. भाराचा हिशेब जुळतो, म्हणून एकामागून एक जागा बदलत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खनिजांची अखंड मालिका तयार होते.

१९१२ पासून क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आतील अणूंची मांडणी दिसू लागली, आणि मिचर्लिखच्या नियमाची मर्यादाही स्पष्ट झाली. अणूंची संख्या पुरेशी नसते. आयनांचा आकारही जवळचा लागतो. व्हिक्टर गोल्डश्मिटने १९२० च्या दशकात घालून दिलेल्या नियमानुसार दोन आयनांच्या त्रिज्यांत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर एकाची जागा दुसरा सहजासहजी घेत नाही. कॅल्साइट आणि सोडियम नायट्रेट यांची अंतर्गत मांडणी एकच, कोनही जवळपास तेच. कॅल्साइटच्या ताज्या पृष्ठावर सोडियम नायट्रेट ठरावीक दिशेनेच वाढते. तरी आयनांवरील भार निम्मे असल्याने एक पाण्यात सहज विरघळते आणि दुसरे संगमरवराच्या रूपाने शतकानुशतके टिकते. भूमिती जपली गेली, बंधांची ताकद जपली गेली नाही.

स्फटिकातील अशा अदलाबदलीची किंमत जीवसृष्टीला मोजावी लागली आहे. हाडे आणि दात यांतील मुख्य खनिज ॲपॅटाइट कुळातले, कॅल्शियमचे. स्ट्राँशियमचा आयन कॅल्शियमपेक्षा थोडासाच मोठा, भार तोच; म्हणून तो हाडाच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी बसतो. १९५० च्या दशकातील अणुचाचण्यांतून हवेत गेलेले किरणोत्सर्गी स्ट्राँशियम-९० गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत पोहोचले ते या रचनासाम्यामुळे. शरीराला रचना ओळखता येते. अणू किरणोत्सर्गी आहे की नाही, हे ओळखण्याची सोय त्याच्याकडे नाही.

रचना न बदलता परका अणू सामावून घेण्याच्या या गुणाचा सर्वांत सुंदर उपयोग मॅक्स पेरुट्झने केंब्रिजमध्ये केला. हिमोग्लोबिनच्या स्फटिकातून क्ष-किरण गेले की फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण प्रत्येक लहर कोणत्या टप्प्यावर पोहोचली, म्हणजे तिची कला, फिल्मवर उमटत नाही. आणि कलेशिवाय रेणूचे चित्र तयार होत नाही. १९५३ मध्ये पेरुट्झने हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडले. स्फटिकाची ठेवण बदलली नाही, ठिपक्यांच्या जागा बदलल्या नाहीत, बदलली ती फक्त त्यांची तीव्रता. बाकी सगळे समरूप असल्यामुळे जो फरक पडला तो केवळ पाऱ्याचा, हे निश्चित झाले आणि त्या फरकातून कला काढता आल्या. पेरुट्झ आणि मायोग्लोबिनची रचना उलगडणारा जॉन केंड्रू यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिनांची आतील घडण माणसाला पहिल्यांदा दिसली ती या पद्धतीने.

गणितात हीच कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पक्की झाली. आर्थर केलीने १८५४ मध्ये गटाची अमूर्त व्याख्या दिली: घटक कोण आहेत याला महत्त्व नाही, त्यांचा गुणाकार-तक्ता कसा आहे एवढेच पाहायचे. कामीय जॉर्दांने १८७० च्या आपल्या ग्रंथात दोन गटांच्या समरूपतेची रीतसर चर्चा केली. पूर्ण आणि अंशतः अशा दोन प्रकारच्या संगतींना त्याने दिलेली विशेषणे स्फटिकशास्त्रात रुळलेली होती. स्फटिकांच्या सममितीचा त्याने स्वतः अभ्यास केला होता, हे येथे लक्षात घ्यायला हवे. एउजेनिओ बेल्ट्रामीने १८६८ मध्ये अयुक्लिडीय भूमितीची प्रतिकृती युक्लिडीय भूमितीच्या आतच उभी केली. त्यातून निष्कर्ष निघाला तो असा, की नव्या भूमितीत अंतर्विरोध असेल तर तो जुन्या भूमितीतही असलाच पाहिजे. समरूपतेच्या पुलावरून येथे निर्दोषपणाची हमीच वाहून नेली गेली. दोन हजार वर्षे छळणारा समांतर रेषांच्या गृहीतकाचा प्रश्न या वाटेने मिटला.

भौतिकीत समरूपता समीकरणांतून येते. १८४२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विल्यम टॉमसनने दाखवले की घन पदार्थातून वाहणारी उष्णता आणि विद्युत्भारांभोवतीचे आकर्षण यांचे गणित एकच आहे: उष्णतेच्या उगमाच्या जागी भार, तापमानाच्या जागी विभव. म्हणून उष्णतेबाबत सिद्ध झालेले प्रत्येक प्रमेय विद्युतशास्त्राला आयते मिळाले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने पुढे फॅराडेच्या बलरेषांसाठी काल्पनिक द्रवाच्या प्रवाहाची प्रतिमा वापरली, आणि ती वापरताना हे साम्य संबंधांमधील आहे, वस्तूंमधील नाही, अशी खबरदारी घेतली. पुढच्या अनेक अभ्यासकांनी ही खबरदारी पाळली असती तर बरेच वाद टळले असते.

स्प्रिंगला टांगलेले वजन आणि विद्युतमंडल ही जोडी प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला भेटते. वजनाच्या जागी कॉइलचे प्रवर्तन, घर्षणाच्या जागी रोध, स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कॅपॅसिटरच्या धारकतेचा व्यस्त, विस्थापनाच्या जागी भार ठेवला, की अवकल समीकरण अक्षरशः तेच राहते. म्हणून पुलाची किंवा गाडीच्या सस्पेन्शनची कंपने टेबलावरच्या मंडलात तपासता येत, आणि संख्यात्मक संगणक सर्वत्र होण्याआधी ॲनालॉग संगणकांचा सगळा डोलारा यावरच उभा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्सने १९४९ मध्ये पाण्याच्या टाक्या आणि नळ्या यांचे एक यंत्र दाखवले; त्यात वाहणारे पाणी म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न होते. उष्णतेच्या समीकरणाचा प्रवास तर याहून लांबचा. फूरियेच्या १८२२ च्या ग्रंथातून ते आडोल्फ फिकने १८५५ मध्ये विद्राव्यांच्या विसरणाकडे नेले, लुई बाशलिएने १९०० मध्ये पॅरिसच्या रोखेबाजाराकडे, आणि १९७३ मध्ये ऑप्शनच्या किमतीचे ब्लॅक-शोल्स समीकरण निघाले तेही योग्य चलबदल केल्यावर उष्णतेचेच समीकरण ठरले.

विसाव्या शतकात एका तरुण विद्यार्थ्याने दाखवलेल्या समरूपतेने उद्योगांचे रूप पालटले. क्लॉड शॅननने १९३७ मध्ये एमआयटीतील मास्टर्स पदवीच्या प्रबंधात दाखवले, की रिले आणि स्विचांच्या मंडलांचे गणित हे जॉर्ज बूलच्या १८५४ च्या तर्कबीजगणिताशी समरूप आहे. एकसर जोडलेले दोन स्विच म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले दोन म्हणजे ‘किंवा’. तोपर्यंत अनुभवाने आणि अंदाजाने आखली जाणारी मंडले आता बीजगणिताने सोपी करता येऊ लागली: समीकरणातील एक पद गळाले की मंडलातील एक स्विच वाचला.

आता चुकांकडे वळायला हवे. गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्आकर्षण हे दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात. त्यामुळे १९११ मध्ये रदरफर्डला अणुकेंद्र सापडल्यावर अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे चित्र पक्के बसले. बलाचा नियम एक आहे, एवढे खरे. पण वळणाऱ्या मार्गाने जाणारा विद्युत्भार प्रारणे फेकत ऊर्जा गमावतो, आणि त्या हिशेबाने अणू क्षणार्धात कोसळायला हवा. ग्रहांना ही अडचण नाही. शिवाय ग्रह कोणत्याही अंतरावर फिरू शकतात, तर एका मूलद्रव्याचे सगळे अणू हुबेहूब सारखे असतात. नील्स बोरने १९१३ मध्ये कक्षांवर पुंज अटी घातल्या त्या या बिघाडामुळेच, आणि पुढे कक्षाच नाहीशा झाल्या. साम्य जेथे मोडले तेथेच नवी भौतिकी होती. चक्रीवादळ आणि सर्पिल दीर्घिका यांच्या छायाचित्रांतील साम्य याहून फसवे. त्या दोन आकृत्यांच्या मागे एकच समीकरण नाही, एकच यंत्रणाही नाही. तेथे काही नेता येत नाही.

जीवशास्त्राने हा भेद फार काटेकोरपणे केला, आणि ते त्याचे मोठे श्रेय आहे. रिचर्ड ओवेनने १८४३ मध्ये सारख्या घडणीचे अवयव आणि सारखे काम करणारे अवयव यांच्यात रेघ ओढली. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांत हाडांचा क्रम तोच: दंडाचे एक, कोपराखालची दोन, मग मनगट आणि बोटे. कामे मात्र पूर्ण वेगळी. उलट पाखराचे पंख आणि फुलपाखराचे पंख यांचे काम एक, घडण निराळी. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने पहिल्या प्रकाराला कारण दिले: समान पूर्वज. माणूस आणि ऑक्टोपस यांचे डोळे भिंग, बुबुळ, दृष्टिपटल अशा रचनेत इतके जुळतात, की नाते असावे असे वाटते. पण माणसाच्या दृष्टिपटलात तंत्रिका तंतू प्रकाशाच्या बाजूने येतात आणि त्यामुळे एक अंधबिंदू तयार होतो, ऑक्टोपसचे तंतू मागून निघतात आणि त्याला अंधबिंदू नाही. प्रकाशकीच्या एकाच अटींना दोन वंशांनी स्वतंत्रपणे दिलेली ही उत्तरे आहेत. म्हणून जीवशास्त्रात साम्य आढळले की त्याचे कारण विचारावे लागते: वंश, काम की भौतिक नियमांची सक्ती?

भौतिकीत साम्याच्या कारणाचा असाच शोध १९७० च्या दशकात पूर्णत्वाला गेला. द्रव आणि वाफ यांच्यातील भेद ज्या तापमानाला संपतो त्या तापमानाजवळ त्यांच्या घनतांतील फरक तापमानाच्या अंतराच्या जवळपास ०.३३ व्या घाताने कमी होतो. १९४५ मध्ये एडवर्ड गुगेनहाइमने निऑन, आरगॉन, नायट्रोजन, मिथेन अशा निरनिराळ्या पदार्थांचे आकडे एकाच वक्रावर बसवून दाखवले. एकाच अक्षावर चुंबकत्व धरणारे चुंबक आपले चुंबकत्व गमावतात तेही याच घाताने. मिथेन आणि चुंबक यांत सामाईक ते काय? केनेथ विल्सनने १९७१ मध्ये याचे उत्तर दिले. तापमान त्या बिंदूच्या जवळ गेले की चढउतार इतक्या मोठ्या अंतरापर्यंत पसरतात, की रेणूंचे बारकावे टप्प्याटप्प्याने पुसले जातात. उरतात फक्त अवकाशाची मिती आणि सममिती. ज्यांच्या या दोन गोष्टी एक, त्यांचे वर्तन एक. विल्सनला १९८२ चे नोबेल मिळाले. साम्य केवळ पाहून न थांबता ते कोठून येते हे गणितातून काढून दाखवण्याचा, आतापर्यंतच्या विज्ञानातील हा बहुधा सर्वांत खोल प्रयत्न आहे.

गणितात त्याआधीच सारखेपणाची कल्पना आणखी वरच्या पायरीवर गेली होती. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक्लेन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या कॅटेगरी सिद्धांतात वस्तूच्या आत डोकावायचेच नाही, तिचे इतर वस्तूंशी असलेले संबंध पाहायचे. त्या संबंधांवरून वस्तू ओळखली जाते ती समरूपतेपुरती. व्लादिमिर व्होएव्होडस्कीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस असे गृहीतक सुचवले, की रचनांची समतुल्यता हीच त्यांची समानता मानावी. संगणकाकडून सिद्धता तपासून घेण्याच्या कामात त्याचा उपयोग होतो आहे.

एक प्रश्न मात्र अगदी साध्या रूपात शिल्लक आहे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा दोन आकृत्या दिल्या आहेत. त्या समरूप आहेत का? रसायनशास्त्रज्ञाला हा प्रश्न रोज पडतो, कारण रेणूचे रचनासूत्र ही अशीच आकृती असते. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन दोन तऱ्हांनी जोडता येतात, पाच कार्बनांचे अल्केन तीन, सहांचे पाच, आठांचे अठरा, दहांचे पंच्याहत्तर. ही मोजणी १८७० च्या दशकात केलीनेच सुरू केली. बिंदू वाढले की संभाव्य संगती अफाट होतात: वीस बिंदूंच्याच सुमारे २४३ कोटी अब्ज संगती. व्यवहारात येणाऱ्या बहुतेक आकृत्यांचा निकाल आजचे प्रोग्रॅम झटपट लावतात. सर्व आकृत्यांना लागू पडणारी आणि वेगाची हमी देणारी रीत शोधताना लास्लो बाबाईने २०१५ मध्ये मोठी मजल मारली आणि २०१७ मध्ये आपल्या सिद्धतेतील त्रुटी दुरुस्त केली. त्याची रीत खऱ्या अर्थाने जलद मानल्या जाणाऱ्या रीतींच्या अगदी जवळ पोहोचते, पण त्यांत मोडत नाही. तशी रीत आहे हे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि नाही हेही कोणी सिद्ध केलेले नाही.